उन्हाळ्यातील उमेदवारी

सार्वजनिक धोरण हा विषय आपल्या विद्यापीठांत तसा अलीकडचाच. बंगळूरच्या भारतीय प्रबंध संस्थेत त्याचे केंद्र 2000 साली निघाले. त्याच शहरातील राष्ट्रीय विधि विद्यापीठाने 2014 साली त्याचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. या शाखेचे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुटीत महिना-दोन महिने एखाद्या सरकारी खात्यात किंवा संशोधन संस्थेत काम शिकतात. इंटर्नशिप हे त्याचे रूढ नाव. मराठीत त्याला उमेदवारी हा चांगला जुना शब्द होता. निवडणुकीने तो पळविला.

शब्दाबरोबर एक जुनी खोडही चालत आली आहे. इंग्रजी अमदानीत कित्येक तरुण नोकरीच्या आशेने कचेरीत वर्षानुवर्षे बिनपगारी राबत. ज्याच्या घरी खायला असे, त्यालाच हे परवडे. आज रिझर्व्ह बँक आपल्या उन्हाळी उमेदवारांना विद्यावेतन देते. नीति आयोगाची उमेदवारी मात्र बिनपगारी आहे, आणि अनेक लहान संस्थांची रीत तीच. बंगळुरात खोलीचे भाडे, खाणावळ आणि बसचा पास यांचा हिशेब मांडला, की बेळगाव जिल्ह्यातील शेतमजुराची मुलगी अर्ज न करताच मागे फिरते.

यात तोटा केवळ तिचा नाही. 2007 साली बंगळूर महानगरात 110 खेडी सामावली गेली. कावेरीचे पाणी सुमारे 100 किलोमीटरांवरून उपसून शहरात आणावे लागते. या खेड्यांसाठीचा योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला तो ऑक्टोबर 2024 मध्ये. आता कचेरीतील तक्त्यात ‘नळजोडणी : आहे’ एवढी नोंद होईल. पण पाणी कोणत्या वारी येते, किती वेळ टिकते, टँकरची वाट पाहण्यासाठी घरातील कोणाचा रोज बुडतो, हे तक्ता सांगत नाही. ते दारात उभे राहून, कन्नडमध्ये विचारावे लागते. सीमाभागातील त्या मुलीला दोन्ही भाषा येतात आणि पाण्याची रांगही ठाऊक असते. तिच्या जागी जो येतो, तो पुष्कळदा वातानुकूलित खोलीत साहेबांच्या सादरीकरणातील आलेख रंगवितो. त्याचा दोष नाही. त्याला दुसरे काम कोणी दिलेलेच नसते.

धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने पुणे शहराची जी पाहणी केली, तिचा पहिला भाग 1945 साली प्रसिद्ध झाला. ती माहिती कुटुंबाकुटुंबांत जाऊन विचारूनच मिळविलेली होती. उन्हाळी उमेदवाराला असा एकच प्रश्न, एकच वस्ती आणि उत्तर वाचणारा एक अधिकारी मिळाला, तरी दोन महिने पुरतात.

विद्यावेतनाला मंजुरी मिळेपर्यंत एक गोष्ट तूर्त करता येईल. सुटीत पुष्कळ वसतिगृहांच्या खोल्या कुलूपबंद असतात. त्यांतल्या काही परगावच्या उमेदवारांना द्याव्यात आणि तसे अर्जाच्या जाहिरातीतच छापावे.