विनंती थांबा : अण्णांबरोबर पुणे ते पानिपत

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या क्लब हाऊसमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला ‘प्रवासातले अनुभव’ हा विषय दिला आहे. आपल्या सोसायटीत युरोप बघून आलेली, चारधाम केलेली, मुलांकडे अमेरिकेत सहा-सहा महिने राहून आलेली मंडळी आहेत. त्यांच्यापुढे मी सांगणार आहे ते आमच्या साध्या गाडीने पुण्याहून पानिपतला जाऊन आल्याचं. आग्र्याला मुक्काम करूनही आम्ही ताजमहाल बघितला नाही, हे कळल्यावर बी विंगमधल्या एक वहिनी म्हणाल्या, “मग गेलात तरी कशाला?” त्याचंच उत्तर आज द्यायचं आहे.

आमचे अण्णा तुम्हाला सगळ्यांना माहीत आहेत. संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर बसून, कोण गाडी कशी लावतो यावर शेरे मारणारे तेच. एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. शेवटची काही वर्षं इंदूरची गाडी त्यांच्याकडे होती. २५ वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला अजून कपाटात जपून ठेवलाय. म्हणजे एक रौप्यमहोत्सव आमच्या घरात आधीच झालेला आहे!

तीन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदू निघाला. यात बाजूचं दिसणं आधी कमी होत जातं, आणि गेलेली नजर परत येत नाही. थेंबांनी उरलेली राखायची, एवढंच हातात असतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. त्या दिवसापासून अण्णा गाडीत बसेनात. लग्नाला चला, नको. गावाला चला, नको. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत बसणं म्हणजे त्यांना शिक्षाच वाटायची. भावाचा फोन यायचा, “अगं, या वयात आता घरीच बरे ते.” मला ते पटत नव्हतं.

एका रविवारी मी कागद-पेन घेऊन त्यांच्यापुढे बसले. म्हटलं, “अण्णा, इतकी वर्षं रस्त्यावर काढलीत. कुठे थांबायचं राहून गेलं, ते सांगा.” आधी म्हणाले, “ड्युटीवर कसलं थांबणं? विनंती थांब्यावर प्रवाशाला हात करता येतो. ड्रायव्हरनं कुणाला हात करायचा?” पण मग एकेक नाव निघायला लागलं. काही स्वतः जाता जाता बघितलेली, काही ढाब्यावर ट्रकवाल्यांकडून ऐकलेली. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या. उत्तरेकडची नावं रेघेनं जोडली तर शेवट पानिपतला होत होता.

नोव्हेंबरात निघालो. उत्तरेत धुकं पडायच्या आत परत यायचं होतं. अण्णांनी अटी घातल्या : दिवस मावळला की गाडी बंद, दर दोन तासांनी पाय मोकळे करायचे, आणि ओव्हरटेक करताना बोलायचं नाही. स्टेअरिंगवर मी, डावीकडे अण्णा. राजगुरुनगर गेलं तरी एक शब्द नाही. फक्त मी ब्रेक मारायच्या आधी त्यांचा उजवा पाय दाबला जायचा.

पहिला थांबा नारायणगावहून आडवाटेला, खोडदच्या रस्त्यावर. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या तुम्ही लांबून बघितल्या असतील. अशा एकूण ३० आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आपली सगळी इमारत आडवी ठेवली तरी बहुतेक एका तबकडीत मावेल. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात, हे मी वाचून दाखवलं. अण्णा बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “नाशिकची गाडी होती तेव्हा प्रवासी विचारायचे, ड्रायव्हरसाहेब, हे काय आहे? मी सांगायचो, सरकारी आहे.” आणि स्वतःच हसायला लागले. पुढे गाडी सुरू करताना तोंडानं डबल बेल दिली, टिंग टिंग. तिथून परत येईपर्यंत ते कंडक्टर आणि मी ड्रायव्हर.

धुळ्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सेंधव्याचा बिजासन घाट लागला. घाटातल्या देवीपुढे ट्रकवाले थांबतात, तसे आम्हीही थांबलो. पुढे खलघाटचा नर्मदेवरचा पूल. १८ जुलै २०२२ रोजी इंदूरहून अमळनेरला येणारी आपली एसटी या पुलावरून नदीत गेली होती. अण्णा या पुलावरून किती वेळा गेले असतील, याचा हिशोब नाही. पुलाच्या अलीकडे गाडी नीट बाजूला घ्यायला सांगितली, नारळ सोडला, टोपी काढून उभे राहिले. मी काही विचारलं नाही. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, “हळू घे.”

महूला बाबासाहेबांच्या जन्मभूमीचं स्मारक पाहिलं. १४ एप्रिल १८९१ ला बाबासाहेब तिथे जन्मले. या गावावरून अण्णा कित्येकदा गेले, पण आत पाऊल पहिल्यांदाच टाकलं. इंदूरनंतर मात्र अण्णांचा ओळखीचा रस्ता संपला. आता पाट्या मी वाचायच्या. भोपाळहून सांचीला जाताना वाटेत कर्कवृत्त रस्ता ओलांडतं. तिथे डांबरावर पट्टे ओढलेत, बाजूला पाटी आहे. आपला सगळा महाराष्ट्र या रेषेच्या दक्षिणेला येतो. २१ जूनच्या सुमाराला भर दुपारी इथे सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली जाते. अण्णा एक पाय अलीकडे, एक पलीकडे टाकून उभे राहिले. “एवढे किलोमीटरचे दगड बघितले, पण पृथ्वीचा दगड आज बघितला.” तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय, तुम्ही बघितलाच असेल.

विदिशाजवळ ‘खांबबाबा’ आहे. गावकरी देव मानतात तो दगडी खांब हेलिओडोरस नावाच्या ग्रीक राजदूतानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उभारलेला. तक्षशिलेहून इथल्या राजाच्या दरबारी आला आणि वासुदेवासाठी गरुडध्वज उभारून गेला. खांबावर तसं ब्राह्मीत कोरलेलं आहे. ऐकून अण्णा म्हणाले, “म्हणजे हाही बाहेरगावच्या ड्युटीवर आलेला माणूस. पण थांबला बघ.”

झाशी, ग्वाल्हेर, चंबळचा पूल हे सगळं भराभर सांगते, कारण वेळ संपत आलाय. आग्र्याला अण्णांना ताजमहालापेक्षा कोसमिनार बघायची घाई. मुघलांच्या काळात हमरस्त्यावर कोसाकोसावर, म्हणजे साधारण तीन-तीन किलोमीटरवर, हे विटांचे जाड मनोरे बांधले होते. काही अजून शेतात, काही रस्त्याच्या कडेला उभे आहेत. अण्णांनी एकावर हात फिरवला, जसा ड्युटी संपल्यावर गाडीच्या बॉनेटवर फिरवायचे. मुरथळला लोण्याचा गोळा ठेवलेला पराठा खाल्ला. दीडच खाल्ला, हे डॉक्टरांसाठी सांगते!

सहाव्या दिवशी पानिपत, सतराशेच्या घरात किलोमीटर झाले होते. गावाबाहेर काला आंब म्हणून जागा आहे. पूर्वी तिथे आंब्याचं झाड होतं, आता स्मारकाचा स्तंभ आहे. १४ जानेवारी १७६१. आपण ‘पानिपत झालं’ असं किती सहज म्हणतो. अण्णा आपल्या हिशोबानं बोलले. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि मराठे आणि दिल्ली यांच्या मधेच बसला, असं मी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, “डेपोचा रस्ताच तुटला की गं. पुढे कितीही चांगला ड्रायव्हर असला तरी डिझेल कुठून येणार? माणसं शौर्यात कमी नव्हती, उपाशी होती.” मग खाली वाकून थोडी माती रुमालात बांधली. उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. बिल्ला मिळवलेल्या माणसानं मला मागितलेला तो पहिला आधार.

आता तुमच्या उपयोगाचं थोडं. ज्येष्ठांना घेऊन जाताना दिवसाला तीनशे किलोमीटरच्या आसपासच ठेवा. डोळ्यांचे थेंब तापलेल्या गाडीत ठेवू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. वेळेचा गजर लावा. मुक्कामाला लिफ्ट आहे का, नाहीतर तळमजल्याची खोली आहे का, ते आधी फोन करून विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कार्यक्रम तुम्ही ठरवू नका. त्यांना विचारा, कुठे थांबायचं राहिलंय? कुणाचं उत्तर पानिपत येईल, कुणाचं दहा किलोमीटरवरच्या शाळेचं. दोन्हींना गाडी लागते आणि शेजारी बसलेलं माणूस लागतं.

परवाच्या तपासणीत अण्णांचा डोळ्यांचा दाब आटोक्यात आला. नजर होती तेवढीच आहे. यादीतलं पुढचं नाव राजस्थानात पालीजवळ आहे, जिथे बुलेट मोटरसायकलचं देऊळ आहे. तिथे ड्रायव्हर मंडळी थांबून नमस्कार करतात म्हणे. आमची गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे.