बंदराची भिंत आणि लोकांचे डोळे



व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र हाती पडले तेव्हा पत्ता चुकला असावा अशी मला शंका आली. या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे. माझी शाळा सातवीत सुटली. 1982 साली गिरण्यांचा संप झाला, थोरल्या भावाचा पगार थांबला आणि मी कामाला लागलो. पुढचे शिक्षण गोदीच्या फाटकाबाहेर सभा घेता घेता आणि युनियनच्या कपाटातली पुस्तके वाचता वाचता झाले. तेव्हा माझ्या बोलण्यात काही उणे दिसले, तर तो दोष त्या कपाटाचा नव्हे, माझा समजावा.

चिटणिसांनी 'कामगार कायदे' हा विषय सुचवला होता. मी कळवले, की मला बोटी पाहण्याविषयी बोलायचे आहे. यावर त्यांचे उत्तर यायला आठ दिवस लागले! तुमच्या गावापासून समुद्र दूर, आणि कायदे सोडून बोटी पाहणे हा कसला विषय, असे त्यांना वाटले असेल. परंतु तुमच्या तालुक्यातला कांदा आणि द्राक्षे न्हावाशेव्याच्या बंदरातूनच परदेशी जातात. तुमच्या मोटारीतले तेल बंदरातूनच येते. ज्या दारातून आपला संसार आत-बाहेर करतो, ते दार आपल्याला पाहता येते की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझे वडील मुंबईच्या गोदीत कामाला होते. माझ्या लहानपणी, म्हणजे 1975 ते 85 च्या सुमारास, बोटी पाहायला जाणे ही गरिबाघरची जत्राच होती. तिला तिकीट नव्हते. भाऊच्या धक्क्यावर कोकणची बोट लागे. तिच्यावर आपले कोणी जाणारे असो वा नसो, आम्ही निरोप द्यायला हजर! बॅलार्ड पियरवर हजची बोट निघे, तेव्हा एका यात्रेकरूमागे पन्नास माणसे पोचवायला येत. फुलांचे हार, रडणे, दुवा, सगळे त्या धक्क्यावर चाले. कोकणची बोट पुढे बंद झाली आणि 1995 नंतर हजची बोटही राहिली नाही. सगळे विमानाने जाऊ लागले. त्याबद्दल पहारेकऱ्याला बोल लावता येणार नाही.

पण खरी मौज गोदीच्या आत होती. वर्षातून एकदोन रविवारी वडील ओळखीच्या कारकुनाकडून पास काढीत आणि आम्हा भावंडांना आत नेत. यारीला लटकलेला माल, उघड्या तळात उतरलेली टोळी, हाताने खुणा करणारा मुकादम, कठड्यावर वाळत घातलेले परदेशी खलाशांचे कपडे, हे सारे आम्ही तोंड उघडे टाकून पाहत असू. वडिलांना लिहिता-वाचता बेताचेच येत होते. पण बोट कशी वाचायची हे त्यांनी मला शिकवले. त्यांतल्या दोन गोष्टी तुम्हाला सांगतो, कारण आजचे सगळे बोलणे त्या दोहोंवर उभे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे बोटीच्या कुशीवरची रेघ. एक वर्तुळ, आणि त्याला मधोमध छेदणारी आडवी रेघ. भरलेली बोट त्या रेघेच्या खाली बुडता कामा नये. जुन्या काळी विलायतेतले काही मालक कुजक्या बोटी गच्च भरून समुद्रात सोडीत. बोट बुडाली तर विम्याचे पैसे मालकाला मिळत आणि खलाशी तळाला जात. अशा बोटींना लोक तरंगत्या शवपेट्या म्हणत. सॅम्युएल प्लिमसोल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने याविरुद्ध रान उठवले, तेव्हा 1876 साली कायदा होऊन ही रेघ आली. त्यातही गंमत अशी, की रेघ कोठे ओढायची हे आधी मालकावरच सोपवले होते! ती जागा कायद्याने पक्की व्हायला 1890 साल उजाडले. आता एक विचार करा. ही रेघ कप्तानाच्या खोलीतल्या वहीत का नाही मांडली? ती बोटीच्या बाहेरच्या अंगाला, ढोबळ आणि उठावदार का काढली? कारण धक्क्यावर उभ्या असलेल्या कोणालाही ती दिसावी. निरक्षर हमालालाही म्हणता यावे, की 'साहेब, बोट जास्त भरली आहे.'

दुसरी गोष्ट लाल बावट्याची. माझ्या धंद्यामुळे तुमचा गैरसमज होईल, म्हणून आधीच सांगतो, की हा बावटा पक्षाचा नव्हे. बोटीत दारूगोळा असला, म्हणजे लाल निशाण चढवायचे, असा दर्यावर्दी रिवाज आहे. ते दिसले की माणूस सावध होतो.

14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाची बोट उभी होती. तिच्या पोटात सुमारे 1400 टन दारूगोळा, आणि कापसाच्या गाठी. युद्धाचे दिवस होते. बोटीवर लाल निशाण चढवलेले नव्हते. दुपारी आग दिसली. बंब आले. आजूबाजूच्या बोटींवरचे आणि धक्क्यावरचे लोक ती आग पाहत राहिले, कारण पोटात काय आहे हे बहुतेकांना ठाऊकच नव्हते. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवणारे 66 जवान गेले. एकूण मेलेल्यांचा अंदाज 800 पासून 1300 पर्यंत केला जातो. माझे आजोबा त्या दिवशी रात्रपाळीला होते, म्हणून वाचले. त्यांच्या टोळीतली चार माणसे परत आली नाहीत. आजोबा म्हणत, 'निशाण असते तर आम्ही पळालो असतो.' गुप्तता आणि सुरक्षितता या सख्ख्या बहिणी आहेत असे जो समजतो, त्याने 14 एप्रिलला एकदा गोदीच्या बाजूला जाऊन यावे.

आता बदल कसा झाला ते पाहू. मुंबईच्या गोदीला भिंत इंग्रजांच्या काळापासून होती. पण भिंतीत फाटके होती आणि फाटकावर माणुसकीची सवलत होती. 1993 साली रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि मुंबईत बॉम्ब फुटले. 2000 साली एडनच्या बंदरात एका अमेरिकन युद्धनौकेवर स्फोटकांनी भरलेली होडी येऊन आदळली. 2001 साली न्यूयॉर्कचे मनोरे पडले. मग डिसेंबर 2002 मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरून जहाजे आणि बंदरे यांच्या सुरक्षेची नवी संहिता ठरली, आणि 1 जुलै 2004 पासून ती जगभर लागू झाली. प्रत्येक बोटीवर एक सुरक्षा अधिकारी, प्रत्येक बंदरात एक सुरक्षा अधिकारी, धोक्याच्या तीन पायऱ्या, कुंपण, कॅमेरे, शिडीवर पहारा, आणि ज्याचे आत काम नाही त्याला मज्जाव. त्यानंतर आला 26 नोव्हेंबर 2008 हा दिवस. त्याविषयी तुम्हाला सांगायला नको.

मी या पहाऱ्याच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट करतो. बॉम्ब फुटला तर आधी मरतो तो गोदीतला कामगार. आमच्या युनियनने पासाच्या पद्धतीला विरोध केला नाही आणि आजही करणार नाही. पण औषध रोग्यालाच गिळू लागले, तर वैद्याला दोन शब्द सांगावे लागतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गोदी कोणती ते सांगत नाही. आमच्या युनियनचे एक जुने सभासद, त्यांना आपण नाना म्हणू, नातवाला घेऊन फाटकावर गेले. तेहतीस वर्षे त्यांनी त्या फाटकातून ये-जा केली होती. नातवाला शाळेत 'माझे आजोबा' या विषयावर निबंध लिहायचा होता. पहाऱ्यावरचा जवान सरळ मनाचा होता. तो म्हणाला, "बाबाजी, पास?" नानांनी निवृत्तीचे कार्ड काढले. जवानाने ते दोन्ही हातांनी घेतले, वाचले, आणि तसेच आदराने परत दिले. म्हणाला, "माफ करना, बाबाजी. हुकूम नहीं है." नाना परतले. त्या जवानाची काही चूक नव्हती. तोही कोण्या शेतकऱ्याचाच मुलगा. पण नातवाने निबंधात काय लिहिले असेल? माझे आजोबा एका भिंतीच्या मागे काम करीत असत, यापलीकडे त्याच्यापाशी लिहायला काय होते?

फाटक एका बाजूनेच बंद झाले असे समजू नका. बाहेरचा आत जाईना, तसा आतला खलाशीही बाहेर येईना. चारचार महिने समुद्रावर काढून आलेल्या पोराला धक्क्यावर उतरून घरी चार वस्तू घ्यायच्या असतात. अनेक देशांत परवाना, व्हिसा आणि पहारा यांच्या गुंत्यामुळे तो शिडी उतरू शकत नाही. किनाऱ्यावर उतरण्याचा खलाशाचा हक्क लक्षात ठेवा, असे 2002 च्या परिषदेने स्वतःच बजावले होते. कुंपणाचे कलम तेवढे सर्वांच्या लक्षात राहिले!

काही तरुण मित्र मला म्हणतात, 'काका, आता धक्क्यावर कशाला जायचे? बोटी मोबाईलवर दिसतात.' खरे आहे. त्याच नव्या नियमांत मोठ्या बोटींनी स्वतःचे नाव आणि ठिकाण बिनतारी सांगत राहण्याचे यंत्र 2004 च्या अखेरपर्यंत बसवावे, असे ठरले. म्हणजे एकीकडे डोळ्यांवर पडदा, आणि दुसरीकडे बोटीचा ठावठिकाणा साऱ्या जगाच्या खिशात! असला विनोद सरकारी कागदांतच सापडतो. मीही मोबाईलवर बोटी पाहतो. त्यावर बोटीचे नाव दिसते, वेग दिसतो. पण रेघ पाण्याखाली गेली आहे काय, ते दिसत नाही. तळात उतरलेल्या माणसाच्या डोक्यावर टोपी आहे काय, ते दिसत नाही. कठड्याशी उभा असलेला खलाशी जेवला आहे काय, हे तर मुळीच दिसत नाही.

याचा एक दाखला देतो. 'एमटी इबा' नावाची एक लहान तेलबोट 2017 पासून अमिरातीच्या समुद्रात नांगरून पडली होती. मालकाचे पैसे संपले होते. बोटीवरच्या पाच जणांत भारतीय होते, पाकिस्तानी होते, म्यानमारचा एक होता. बत्तीस महिने पगार नाही. बोट सोडावी तर पगारावर पाणी सोडावे लागणार, म्हणून ते बिचारे तेथेच राहिले. किनाऱ्यावरून कोणाला काही दिसत नव्हते. जानेवारी 2021 मध्ये वादळात साखळ्या तुटल्या आणि बोट वाहत वाहत उम्म अल कुवेनच्या चौपाटीला लागली. हवा खायला आलेली माणसे पाहतात तो समोर बोट, आणि बोटीवर माणसे! छायाचित्रे निघाली, वर्तमानपत्रांत आली, आणि त्याच वर्षी थकबाकीची तडजोड होऊन ते खलाशी सुटले. खलाशांसाठी झटणाऱ्या संस्था आधीपासून खटपट करीत होत्याच, त्यांचे श्रेय मी नाकारीत नाही. पण चार वर्षे जे अडून बसले होते, ते बोट लोकांच्या नजरेस पडल्यावर हलले. माझ्या तीस वर्षांच्या युनियनच्या कामाचे सार यापेक्षा वेगळे नाही. जे दिसत नाही, त्याची दाद लागत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे ठीक आहे, पण देशाच्या सुरक्षिततेचे काय? तर त्याच दोन घटनांकडे पुन्हा पाहा. 1993 ची स्फोटके बंदराच्या फाटकातून आली नव्हती. ती आडबाजूच्या किनाऱ्यावर उतरली, आणि ज्यांनी पाहायचे त्यांतल्या काहींनी पैसे घेऊन डोळे मिटले, हे न्यायालयात सिद्ध झाले आहे. 2008 साली ते दहा जण रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. त्यांना प्रथम कोणी हटकले? तेथल्या कोळ्यांनी! कोण, कुठले, कशाला आलात, हे विचारणारी पहिली माणसे ती. बिनपगारी, बिनगणवेशाची, रोज समुद्राकडे पाहणारी. हे सरकारलाही पटलेले आहे. म्हणून तर किनाऱ्यावरच्या गावांतून तरुणांची सागर रक्षक दले उभी केली. मग किनाऱ्यावर ज्या डोळ्यांना आपण राखणदार म्हणतो, त्यांनाच बंदरापाशी संशयित का म्हणावे?

मागणीपत्र दिल्याशिवाय भाषण संपवणे आमच्या अंगवळणी पडलेले नाही, म्हणून माझ्या मागण्या ऐका. पहिली मागणी, प्रत्येक मोठ्या बंदरात कुंपणाच्या बाहेर, उंचावर, लोकांना उभे राहून बोटी पाहता येतील अशी एक जागा असावी. हे अशक्य नाही. इंग्लंडमधले फेलिक्सस्टो हे कंटेनरचे अवाढव्य बंदर. तेथेही तीच संहिता लागू आहे, आणि तेथे बंदराला लागूनच लोकांसाठी अशी जागा राखलेली आहे. जर्मनीत हॅम्बुर्गच्या अलीकडे वेडेल येथे 1952 पासून नदीकाठी येणाऱ्या-जाणाऱ्या बोटींना त्यांच्या देशाचे राष्ट्रगीत वाजवून सलामी देतात, आणि लोक चहा पीत ते पाहतात. दुसरी मागणी, वर्षातून एक दिवस, तपासणी करून, नावे नोंदवून, शाळेच्या मुलांना गोदी दाखवावी. 2017 साली ससून गोदीत चित्रांचे प्रदर्शन भरले, तेव्हा केवढी माणसे लोटली होती! लोकांना पाहायचे असते, दार तेवढे उघडावे लागते. तिसरी मागणी, निवृत्त कामगाराला त्या दिवशी नातवासह मानाने आत घ्यावे. आणि चौथी, खलाशाला किनाऱ्यावर उतरता यावे. 2020 च्या साथीत जगातले सुमारे चार लाख खलाशी बोटींवर अडकून पडले होते. आपण घरात कोंडलेले असताना आपले धान्य आणि तेल त्यांनीच आणले. त्यांना दोन तास जमिनीवर चालू द्यावे, एवढेच मागणे आहे.

व्हिक्टोरिया आणि प्रिन्स या दोन्ही जुन्या गोद्या आता बुजवल्या गेल्या आहेत. ज्या पाण्यापाशी माझ्या आजोबांचे सोबती गेले, तेथे आता सपाट जमीन आहे. भर टाकण्याचे काम भिंतीआड चालले, आणि शहरात फारसे कोणी हळहळले नाही. ज्यांनी ते पाणी कधी पाहिलेच नव्हते, ते हळहळणार तरी कसे?

31 डिसेंबरच्या मध्यरात्री मुंबईच्या बंदरातल्या बोटी एकदम भोंगे वाजवतात. दक्षिण मुंबईतल्या चाळींतून तो आवाज अजून ऐकू येतो. गेल्या साली नानांनी नातवाला झोपेतून उठवून गच्चीवर नेले होते. भोंगे वाजू लागताच त्याने विचारले, "आजोबा, या एवढ्या बोटी आहेत तरी कोठे?" नानांनी अंधारात भिंतीच्या बाजूला बोट दाखवले. त्या मुलाला पुढच्या वर्षी दिवसाउजेडी त्या बोटी दाखवता याव्यात, यासाठी तुमच्या गावातून एक ठराव आला, तर आमच्या मागणीपत्राचे वजन वाढेल. कांदा तुमचा आहे, बोट देशाची आहे, तेव्हा पाहण्याचा हक्क आपल्या सर्वांचा आहे.