माउंट व्हर्नन : एका वाड्याचा संपूर्ण जमाखर्च

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



परदेशी जाऊन आलेल्या माणसाने तेथील गगनचुंबी इमारती, प्रशस्त रस्ते आणि स्वच्छता यांचे वर्णन करावे, असा एक प्रघात पडून गेला आहे. परंतु आपल्यापैकी कित्येकांची मुलेबाळे आज तिकडेच असल्यामुळे त्या वर्णनात आता अपूर्वाई उरलेली नाही. म्हणून आम्ही आज एकाच स्थळाविषयी बोलण्याचे योजिले आहे. ते स्थळ म्हणजे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांचा माउंट व्हर्नन येथील वाडा, त्याच्या सभोवतालच्या बागा आणि तेथील शेती. आपल्या घराण्यांचे वाडे आज ठिकठिकाणी पडझडीस लागले आहेत, काही वाटण्यांमध्ये अडकले आहेत. अशा वेळी एक वाडा टिकला कसा, आणि टिकल्यावर त्याने काय सांगितले, हे पाहणे उपयोगाचे ठरेल असे आम्हांस वाटते.

हा वाडा व्हर्जिनिया राज्यात पोटोमॅक नदीच्या काठी, राजधानीच्या दक्षिणेस सुमारे पंधरा मैलांवर आहे. ही जमीन वॉशिंग्टन घराण्याकडे १६७४ साली आली. रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला तेच हे वर्ष. पुढे जॉर्ज यांचे वडील ऑगस्टीन यांनी १७३४ च्या सुमारास येथे लहानसे घर बांधले. सावत्र वडील बंधू लॉरेन्स यांनी, ज्यांच्या हाताखाली आपण लढलो त्या इंग्रज आरमारप्रमुख व्हर्नन यांचे नाव त्यास दिले. लॉरेन्स यांच्या मृत्यूनंतर १७५४ पासून जॉर्ज हे घर खंडाने वापरू लागले आणि १७६१ मध्ये ते त्याचे मालक झाले. दोन वेळा त्यांनी वाडा वाढविला. १४ डिसेंबर १७९९ रोजी त्याच वाड्यात त्यांचे देहावसान झाले. त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, १३ मार्च १८०० रोजी, इकडे नाना फडणवीस निवर्तले. यावरून तो काळ श्रोत्यांच्या ध्यानात येईल.

नदीकडील बाजूस दुमजली उंचीच्या चौकोनी खांबांची लांबलचक ओसरी आहे. तेथे उभे राहिले असता खाली पोटोमॅकचे विस्तीर्ण पात्र व पैलतीरावरील दाट झाडी दिसते. वाड्याच्या भिंती दुरून घडीव दगडाच्या भासतात, परंतु जवळ जाऊन पाहावे तो त्या लाकडाच्या! फळ्यांच्या कडा तिरप्या तासून, त्यांवर रंग लावून, रंग ओला असतानाच वाळू फेकून हे दगडाचे रूप आणलेले आहे. आत मधल्या दालनात भिंतीवर एक लोखंडी किल्ली टांगलेली आहे. ती पॅरिसच्या बॅस्टिल नामक कुप्रसिद्ध तुरुंगाची. फ्रेंच राज्यक्रांतीत तो तुरुंग पडल्यावर लाफायेत यांनी ती १७९० मध्ये आपल्या या जुन्या सेनापतीस भेट म्हणून धाडली. स्वातंत्र्याची ही खूण पुढे सांगावयाच्या गोष्टीच्या संदर्भात श्रोत्यांनी लक्षात ठेवावी.

आता बागा व शेती. वाड्याच्या एका अंगास विटांच्या कुंपणात फुलांची बाग आहे, दुसऱ्या अंगास भाजीपाल्याचा मळा आहे. याखेरीज नव्या वनस्पतींचे प्रयोग करण्यासाठी राखलेला एक लहान वाफा आहे. परदेशातून आलेले बी येथे प्रथम पेरून पाहावे आणि रुजले तर मोठ्या शेतात न्यावे, अशी मालकाची रीत होती. १७८५ च्या सुमारास लावलेल्या झाडांपैकी काही वृक्ष अद्याप उभे आहेत.

वॉशिंग्टन हे सेनापती व अध्यक्ष म्हणून जगास ठाऊक आहेत. तथापि ते स्वतःस मुख्यतः शेतकरी समजत. तंबाखूच्या पिकाने जमीन निकस होते आणि लंडनच्या व्यापाऱ्यांचे कर्ज मात्र वाढते, हे ओळखून त्यांनी १७६० नंतरच्या दशकात तंबाखू सोडून गहू धरला. पिकांची फेरपालट, खत कुजविण्यासाठी छप्पर घातलेली स्वतंत्र जागा, खेचरांची पैदास असे अनेक उपक्रम त्यांनी केले. खेचरांसाठी स्पेनच्या राजाने १७८५ मध्ये एक उत्तम जातीचा गाढव भेटीदाखल पाठविला होता.

आम्हांस सर्वांत मौज वाटली ती मळणीच्या कोठाराची. आपल्याकडे उघड्या खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते. तेथे पाऊस व चोरी यांची भीती म्हणून वॉशिंग्टन यांनी सोळा बाजूंचे, जवळजवळ गोलाकार असे दुमजली कोठार बांधविले. घोडे उतरणीवरून वरच्या मजल्यावर जात आणि पसरलेला गहू तुडवीत गोल फिरत. जमिनीच्या फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवलेल्या होत्या. त्यांतून दाणा खाली पडे आणि काड वर राही. मूळ कोठार कालौघात नष्ट झाले. जुन्या कागदपत्रांवरून त्याची प्रतिकृती १९९६ मध्ये उभी राहिली. आपल्यापैकी ज्यांनी लहानपणी खळ्यावर पात हाकली आहे, त्यांना हे कोठार पाहून त्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

परंतु घोडे हाकीत कोण होते? विटा भाजल्या कोणी? बागेस पाणी कोणी घातले?

श्रोतेहो, वॉशिंग्टन यांच्या अखेरच्या वर्षी ही इस्टेट सुमारे ८,००० एकरांची होती आणि तीवर ३१७ गुलाम स्त्रीपुरुष व मुले राबत होती. त्यांपैकी १२३ खुद्द वॉशिंग्टन यांच्या मालकीचे होते. १५३ जण त्यांच्या पत्नी मार्थाबाई यांच्या पहिल्या पतीच्या इस्टेटीकडून आलेले होते, आणि उरलेले बहुतेक दुसऱ्या मालकांकडून भाड्याने घेतलेले होते. लिंबू-संत्र्यांची झाडे हिवाळ्यात जगावीत म्हणून बागेत एक सुंदर उबदार घर बांधलेले होते. त्याच इमारतीच्या दोन्ही बाजूंच्या पाख्यांत गुलामांच्या निजण्याच्या खोल्या होत्या. ही इमारत १८३५ मध्ये जळाली व १९५१ मध्ये पुन्हा उभारण्यात आली. प्रेक्षक प्रथम झाडांचे घर पाहतो आणि शेजारचे दार उघडले की फळ्यांच्या बिछान्यांची रांग दृष्टीस पडते.

वॉशिंग्टन यांनी १७९९ च्या मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ जणांना मुक्त करण्याची तरतूद केली. वृद्ध व अपंगांच्या पालनपोषणाची आणि अनाथ मुलांना लिहिणे-वाचणे शिकविण्याचीही व्यवस्था त्यात सांगितली. १ जानेवारी १८०१ रोजी ते लोक स्वतंत्र झाले. हे त्यांच्या पक्षी जमेस धरलेच पाहिजे. परंतु पत्नीच्या इस्टेटीतील लोकांना मुक्त करण्याचा अधिकार कायद्याने त्यांच्याकडे नव्हता. या दोन गटांत परस्पर विवाह झालेले असल्यामुळे बाप मुक्त आणि आई-मुले गुलाम, अशी कुटुंबेच्या कुटुंबे दुभंगली. मार्थाबाई १८०२ मध्ये वारल्यावर ती माणसे चार नातवंडांत वाटली गेली. भांडीकुंडी वाटावी तशी माणसांची वाटणी झाली.

याच वाड्यातील ओना जज नावाची मार्थाबाईंची दासी १७९६ मध्ये फिलाडेल्फियातून निसटली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायर राज्यात गेली. बाईसाहेबांच्या नातीस लग्नात आपण भेट म्हणून दिल्या जाणार, हे तिला समजले होते. तिला परत आणण्याचे प्रयत्न झाले, परंतु ती गेली नाही. १८४८ मध्ये ती वारली तेव्हाही कायद्याच्या दृष्टीने ती पळालेली गुलामच होती. बॅस्टिलची किल्ली १७९० पासून ज्यांच्या संग्रही होती, त्याच मालकांच्या घरातून ही स्त्री स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी पळाली, हा विरोध तेथे कोणी झाकून ठेवीत नाही.

आता वाडा टिकला कसा, ते सांगतो. वॉशिंग्टन यांच्यामागे इस्टेट पुतण्याकडे आणि नंतर पुढील पिढ्यांकडे गेली. उत्पन्न घटले, घराची दुर्दशा झाली आणि ओसरीचे छत जहाजाच्या जुन्या डोलकाठ्यांचा आधार देऊन तोलून धरावे लागले. शेवटच्या मालकाने तो वाडा केंद्र सरकारला व व्हर्जिनिया राज्याला देऊ केला, पण घेण्यास कोणी तयार होईना. १८५३ मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एक बाई बोटीने त्या काठावरून जात असता त्यांनी ते भग्न घर पाहिले आणि आपल्या कन्येस पत्र लिहिले. ती कन्या म्हणजे ॲन पामेला कनिंगहॅम. तरुणपणी घोड्यावरून पडल्यामुळे त्या कायमच्या आजारी होत्या. अशा स्थितीतही त्यांनी वृत्तपत्रांतून स्त्रियांना आवाहन केले आणि स्त्रियांची एक संस्था स्थापिली. राज्याराज्यांत प्रतिनिधी नेमून लहानमोठ्या वर्गण्या गोळा केल्या. एडवर्ड एव्हरेट या वक्त्याने गावोगाव व्याख्याने देऊन सुमारे ६९,००० डॉलर मिळवून दिले. १८५८ मध्ये २,००,००० डॉलरला वाडा व २०० एकर जमीन विकत घेण्याचा करार झाला आणि २२ फेब्रुवारी १८६० रोजी, वॉशिंग्टन यांच्या जन्मदिनी, ताबा मिळाला. पुढच्याच वर्षी यादवी युद्ध पेटले. परंतु दोन्ही पक्षांच्या सैनिकांनी शस्त्रे बाहेर ठेवूनच आत यावे, हा नियम तेथे पाळला गेला. तीच संस्था आजही सरकारी अनुदानावाचून ही वास्तू चालविते आणि तिचा कारभार आजही स्त्रियांच्याच हाती आहे.

या संस्थेने आणखी एक दूरदृष्टीचे काम केले. पैलतीरावर कारखाने उभे राहून ओसरीतून दिसणारे दृश्य नाहीसे होऊ नये म्हणून तिने व शेजाऱ्यांनी खटपट केली. १९६१ मध्ये पैलतीरावरील जमिनीच्या संरक्षणासाठी कायदा झाला. म्हणूनच वर सांगितलेली झाडी आजही दिसते.

मात्र या भगिनींचे काम एका दिवसात पूर्ण झाले नाही. संस्थापिका स्वतः गुलाम बाळगणाऱ्या जमीनदार घराण्यातील होत्या. दीर्घकाळ या वाड्यात केवळ मालकाची थोरवी सांगितली जाई. वॉशिंग्टन यांच्या समाधीपासून थोड्या अंतरावर झाडीत गुलामांची दफनभूमी आहे. तेथे संस्थेने १९२९ मध्ये एक शिळा बसविली. १९८३ मध्ये तेथेच एक स्मारक उभे राहिले. त्याची रचना हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी केलेली आहे. अपुऱ्या आयुष्याची खूण म्हणून अर्धाच ठेवलेला एक दगडी स्तंभ, आणि त्याच्या पायऱ्यांवर श्रद्धा, आशा व प्रेम हे तीन शब्द. कबरी शोधण्याचे उत्खननशास्त्रीय काम २०१४ मध्ये सुरू झाले. २०१६ मध्ये तर या गुलामांच्या जीवनावर तेथील संग्रहालयात मोठे प्रदर्शन भरले आणि जुन्या याद्यांतून त्यांची नावे व कामे लोकांपुढे आली. यामुळे वॉशिंग्टन यांचा मान कमी झाला असे आम्हांस तेथे कोठेही दिसले नाही. उलट, ज्या घराने आपला खर्चही लिहून दाखविला, त्याच्या जमेवर लोकांचा अधिक विश्वास बसतो.

आपण म्हणाल, अमेरिकेतील गुलामांशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच प्रांतात जोडला गेला आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांस अर्पण केला होता. त्या अर्पणाचा रोख दूरच्या देशाकडे नव्हता. तो आपल्या ओसऱ्यांकडे व अंगणांकडे होता.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तांत प्रसिद्ध होतात, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांत मूळ पुरुष असतो, इनामे असतात, सनदा असतात. वाडा कोणी बांधला हेही असते. परंतु त्या वाड्याची माती कोणी मळली, आडाचे पाणी कोणी शेंदले, पिढ्यान्‌पिढ्या गोठा कोणी राखला, आणि यांपैकी कोणास आडाजवळ येण्याचीही बंदी होती, हे सहसा आढळत नाही. घरच्या लेकीसुनांची नावेदेखील पुष्कळदा गळालेली असतात. ही नावे आज केवळ आपल्या वृद्ध आत्या-मावश्यांच्या स्मरणात आहेत. ती माणसे गेली की नावेही जातील.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, आपल्या पुढील स्मरणिकेत काही पाने राखून ठेवावीत आणि प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाड्यावर राबलेल्या माणसांची नावे, गावे व कामे, जेवढी निश्चित ठाऊक असतील तेवढी, लिहून पाठवावीत. त्यांचे वंशज गावात असतील तर त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने लिहावीत. दुसरी, एखादा वाडा जतन करण्याचा विचार कोणी मांडील तर त्याची सूत्रे आपल्या महिला मंडळाकडे द्यावीत. वर्गणी कशी जमवावी, हिशेब कसा ठेवावा आणि गळके छत आधी कसे धरावे, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक चांगले समजते, असा आमचा अनुभव आहे.

या विनंत्यांमुळे कोणाच्या पूर्वजांचा उपमर्द होतो, असे कृपा करून समजू नये. ज्यांनी वाडा बांधविला त्यांना आपण वंदन करतोच, त्याच वंदनात ज्यांनी तो प्रत्यक्ष उभा केला त्यांनाही सामावून घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.