शिल्लक कंदमुळांचे सार
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



मार्गशीर्षातील वेळ अमावास्येस लातूर जिल्ह्यातील व लगतच्या नांदेड भागातील माणसे सहकुटुंब शेतावर जातात. त्या दिवशी आंबिलीबरोबर जी भज्जी होते, तीत एकाच भाजीचा मान नसतो. तुरीचे व हरभऱ्याचे कोवळे दाणे, वाटाणा, गाजर, पालेभाजी असे जे मुबलक असेल ते एका भांड्यात शिजते आणि सर्वांना वाटले जाते. हे शहाणपण वर्षातील एका दिवसापुरते न ठेवता शाळेच्या चुलीपर्यंत न्यावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हिवाळ्यात गाजर, मुळा, बीट यांची आवक वाढली की भाव उतरतात. आठवडी बाजार उठताना उरलेली गाजरे गुरांपुढे पडलेली मी पाहिली आहेत. आणि त्याच गावच्या शाळेत भाजीचा वाटा कांदा-बटाट्यावर भागविलेलाही पाहिला आहे. गुरांनी गाजर खाण्यात काही वावगे नाही. परंतु ते मुलांच्या ताटात पोहोचू नये, ही गोष्ट मनाला लागते. गाजरातील केशरी द्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते. त्या जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो आणि रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते.

शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे ५० ग्रॅम भाजी, २० ग्रॅम डाळ व ५ ग्रॅम तेल असे प्रमाण ठरलेले आहे. ५० मुले धरल्यास अडीच किलो भाजी झाली. तीत दीड किलो गाजर, अर्धा किलो मुळा, पाव किलो बीट व पाव किलो मुळ्याचा कोवळा पाला घ्यावा. डाळीच्या वाट्यातील अर्धा किलो तूरडाळ यात वापरावी.

कंदांची माती चोळून धुवावी व बारीक फोडी कराव्यात. डाळ हळद घालून शिजवावी. सुमारे आठ लिटर पाण्यात प्रथम मुळा झाकण न ठेवता उकळावा, म्हणजे त्याचा उग्र वास उडतो. मग गाजर व बीट घालून मऊ शिजवावे, डाळ मिसळावी आणि सर्व रवीने घोटावे. शिजविलेले पाणी फेकू नये. भाजीचे पुष्कळसे सत्त्व त्यात उतरलेले असते. लसूण-जिऱ्याची फोडणी केवळ चवीसाठी नव्हे. स्निग्धांशावाचून गाजरातील ते केशरी द्रव्य शरीरात नीट शोषले जात नाही. पाला चिरून शेवटी घालावा व पाच मिनिटांत भांडे उतरवावे. लिंबू वाढतेवेळी पिळावे. प्रत्येकास वाटीभर सार मिळते. उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

बिटामुळे एखाद्या मुलास लालसर लघवी होते. त्यात भय नाही. पालकांना मात्र आधी सांगून ठेवावे.

भाजीचे वजन करणे व मुलांच्या संख्येने गुणणे हा गणिताचा पाठच होय. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ती आठवण ठेवून भाजी धुतलेले पाणी परसबागेतील वाफ्यांत सोडावे.

एक विनंती. सार वाढल्यावर आपण दूर उभे राहू नये. पंक्तीस बसून वाटीभर सार आपणही प्यावे. गुरुजी जे आवडीने खातात, ते मूल सांगितल्याशिवाय खाते.