गाण्याचा हिशेब



१४ एप्रिल आली की परभणी जिल्ह्यातील वस्त्यावस्त्यांतून भीमगीतांचे कार्यक्रम सुरू होतात. गायन पार्ट्या गावोगाव फिरतात. या गाण्यांनी समाज कसा जागा केला, यावर पुष्कळ बोलले गेले आहे. मला आज वेगळा प्रश्न मांडावयाचा आहे. या कलेतून पैसा किती निर्माण होतो आणि तो कुणाच्या हाती राहतो?

सरकारी कागदात याचे उत्तर सहज सापडत नाही. उद्योगांच्या २००८ च्या राष्ट्रीय वर्गीकरणात सर्जनशील कला व करमणुकीला ९० क्रमांकाचा स्वतंत्र विभाग आहे. परंतु जनगणनेत वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारा तो मुख्य कामगार. आठ महिने कापूस-सोयाबीनच्या रानात मजुरी करून दोन महिने ढोलकी वाजविणारा माणूस तेथे शेतमजूर ठरतो. त्याची ढोलकी मोजणीत येत नाही. आणि जे मोजलेच नाही, त्यासाठी तरतूद मागायची तरी कशी?

बाबासाहेबांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेतीवर जादा माणसांचा भार आहे, त्यांना शेतीबाहेर काम हवे, हे त्यांनी त्यात अर्थशास्त्राच्या आधारे मांडले. आपल्या कलावंतांचे काम असेच शेतीबाहेरचे काम आहे. त्याचाही अभ्यास झाला पाहिजे.

तो कसा करावा? उदाहरणापुरते धरा, आठ जणांच्या पार्टीला २०,००० रुपये बिदागी मिळाली. जीपभाडे, जेवण आणि वाद्यांची दुरुस्ती यांवर ५,००० गेले. उरलेले १५,००० ही पार्टीने घातलेली मूल्याची भर. माणशी १,८७५ रुपये. त्यात तालमीचे दिवस आणि बुडालेली मजुरी धरा, म्हणजे खरी कमाई कळेल. जीपवाल्याची, मंडपवाल्याची कमाई त्यांच्या त्यांच्या खात्यात लिहावी. बिदागी आणि वादकाचा वाटा दोन्ही बेरजेत धरले, तर एकच रुपया दोनदा मोजला जाईल. पैसा जिल्ह्यात राहिला की बाहेर गेला, तेही लिहावे.

गीतकाराचे खाते तर बहुधा कोरेच असते. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या रचनेवर कायद्याचा हक्क राहतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणाच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनात गीतकार-संगीतकारांना समान वाटा दिला. मात्र कोणते गीत कुणाचे, याची नोंदच नसेल तर वारसाने काय दाखवावे? वृद्ध कलावंतांच्या मानधनासाठी अर्ज करतानाही केलेल्या कार्याचा पुरावा लागतो. पत्रिका आणि पावत्या आपण जपत नाही, आणि म्हातारपणी तोच कलावंत कार्यालयात रिकाम्या हाताने उभा राहतो.

विद्यार्थी मित्रांनो, जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यातून निदान एक पार्टी निवडा. वर्षभर तिची वही ठेवा: तारीख, गाव, बिदागी, खर्च, प्रत्येकाचा वाटा, गायलेली गीते आणि त्यांचे कवी. कलावंताला विचारून, त्याची संमती घेऊनच लिहा, आणि वहीची एक प्रत त्याच्या घरी ठेवा. पार्टीतील बाईचा वाटा पुरुषाइतकाच आहे का, हा रकाना विसरू नका.

नऊ वह्यांवरून साऱ्या जिल्ह्याचा आकडा निघणार नाही, पण मोजायचे कसे ते आपल्याला कळेल. आणि त्या नऊ घरांत तरी कलावंताच्या कामाचा लेखी पुरावा राहील.

जयभीम!