आधी पाणी मागितले



1883 साली पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांचे वय पंचवीस. आईवडील दुष्काळात गेलेले, पती पटकीने गेलेले, पदरी लहानगी मनोरमा. लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींचे एक सदन त्यांनी पाहिले. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांची तिथे मायेने सेवा होत होती. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली.

भर दुपारची वेळ. प्रवासाने थकलेला येशू याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. पाच नवरे झालेली एक बाई पाण्याला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. तरी येशू तिच्याकडेच प्यायला पाणी मागतो. तिचे आयुष्य त्याला ठाऊक आहे आणि तो ते तिला स्पष्ट सांगतोही. पण तोवर त्याने तिला जिवंत पाणी देऊ केलेले असते. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपण मात्र आधी माणसाला सुधारायला लावतो आणि मग जमलेच तर जवळ करतो.

1883 सालीच रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तरीही आठ वर्षांनी त्यांना जाणवले, की ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळायचा आहे. एवढ्या विदुषीने हे लपवले नाही, 1907 साली आपल्या साक्षीत लिहून ठेवले. कृपेची गरज आपल्यालाही आहे, हे जिला कळले तिनेच पुढे केडगावच्या आपल्या मुक्तिसदनात दुष्काळातल्या मुलींना आसरा दिला, आणि त्याच आवारात समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी घर उभारले. त्याचे नाव कृपासदन.

दारू सुटत नाही म्हणून, संसार मोडला म्हणून, मूल गेल्यावर प्रार्थनाच होत नाही म्हणून मंडळीत यायचे थांबलेले कुणी हे ऐकत असेल, तर त्यांना माझे सांगणे आहे: रविवारी या. जसे आहात तसे या. आणि मंडळीतल्या बंधुभगिनींनो, ती व्यक्ती आली तर आपल्या शेजारी जागा करून द्या. चौकशी नंतर करता येईल.