दोन रुया
(शिक्षक संमेलनातील भाषण)



शाळेच्या कुंपणालगतची रुई आपण रोज पाहतो. परंतु ती कोणती, हे क्वचितच विचारतो. एकदा एका मुलीने दोन फुले माझ्या मेजावर ठेवून म्हटले, “गुरुजी, या दोन निराळ्या आहेत.” मी न पाहताच उत्तरलो, “दोन्ही रुईच.” तिचे चिकाने माखलेले हातही मी धुवावयास सांगितले नाहीत. माझ्या हातून दोन चुका घडल्या.

कॅलोट्रॉपिस जायगँशिया हिचे फूल मोठे; पाकळ्या पसरट वा मागे वळलेल्या, फिकट जांभळ्या किंवा पांढऱ्या; कळी लंबगोल. कॅलोट्रॉपिस प्रोसेरा हिचे फूल लहान, पाकळ्या उभ्या व टोकांशी गडद जांभळ्या, कळी गोलसर.

चीक मात्र दोहोंचा घातक. तो डोळ्यांत गेल्यास दृष्टीस इजा होते. म्हणून फुले शिक्षकानेच तोडावी व मुलांना दुरून दाखवावी. चीक डोळ्यांत गेलाच, तर डोळा न चोळता भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा आणि मुलास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

दुसऱ्या दिवशी मी वर्गापुढे त्या मुलीचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले. त्याने माझा मान उणावला नाही. त्या वर्गाची नजर मात्र तीक्ष्ण झाली.